मुका मार

आपल्याकडे 'मुका मार' असा एक शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही. पडलेलं माणूस उठतं, कपडे झटकतं आणि म्हणतं, काही नाही हो, बरा आहे मी. दुखणं सुरू होतं ते रात्री. आमच्या बेळगावकडच्या जुन्या बायका अशा माराला आंबेहळद उगाळून लावायच्या. पण हाच मुका मार मेंदूला बसला तर आंबेहळद लावायची कुठं?

'कन्कशन' या इंग्रजी चित्रपटाच्या नावाचं मराठी करायला मला कुणी सांगितलं तर मी 'मुका मार' हेच करीन. चित्रपट २०१५ सालचा, दिग्दर्शक पीटर लँडेसमन, आणि मुख्य काम विल स्मिथचं. विषय अमेरिकन फुटबॉलचा. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का. हा लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण चढवून, एकमेकांच्या अंगावर धावून जायचा खेळ. मला खेळातलं फार कळतं असं नाही. पण माझी लेक टेक्ससमध्ये राहते, आणि तिथं राहायला गेलं की रविवारी दुसरं काही बघायला मिळत नाही. जावईबापू सोफ्यावर, नातू त्यांच्या मांडीवर, आणि पडद्यावर ती धडकाधडकी. चित्रपटातलं एक पात्र म्हणतंच, की पूर्वी रविवार चर्चच्या मालकीचा होता, आता या खेळाच्या मालकीचा झाला आहे. ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

चित्रपटाची गोष्ट खरी आहे. बेनेट ओमालू नावाचा नायजेरियातून आलेला डॉक्टर पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदनाचं काम करतो. २००२ च्या सप्टेंबरात त्याच्या टेबलावर माइक वेब्स्टरचं शव येतं. हा वेब्स्टर म्हणजे पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा लाडका खेळाडू. त्याच्या काळात संघानं चार वेळा सुपर बोल, म्हणजे सर्वांत मोठा अंतिम सामना, जिंकलेला. पण शेवटी हा माणूस गाडीत झोपायचा, सुटलेले दात स्वतःच गोंदानं चिकटवायचा, आणि झोप यावी म्हणून स्वतःला विजेचे झटके देऊन घ्यायचा. मेला तेव्हा वय अवघं ५०. वरून बघताना मेंदू अगदी धडधाकट. ओमालूनं त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला एका प्रथिनाच्या गाठी सापडल्या. २००५ मध्ये त्याचा शोधनिबंध छापून आला. या आजाराला आता सगळे सीटीई म्हणतात. वारंवार डोक्याला मार बसल्यामुळे मेंदू हळूहळू सडत जाण्याचा हा आजार. पक्कं निदान करायचं तर अजूनही माणूस मेल्यावरच होतं.

विल स्मिथचं काम मला आवडलं. शवाशी हळू आवाजात बोलणारा, आधी त्याची परवानगी घेतल्यासारखं करून मग सुरी उचलणारा हा डॉक्टर त्यानं फार संयमानं उभा केला आहे. वेब्स्टरचं काम करणारा डेव्हिड मोर्स थोडाच वेळ दिसतो, पण लक्षातून जात नाही. सुतारपक्षी दिवसभर झाडावर डोकं आपटतो तरी त्याला काही होत नाही, कारण निसर्गानं त्याच्या डोक्यात तशी सोय केलेली आहे, माणसाच्या नाही, हे ओमालू समजावून सांगतो तो भागही छान आहे.

मला आपलं स्वयंपाकघरातलं उदाहरण सुचलं. सुकत आलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतला गोटा खुळखुळतो. शेंडी कितीही जाड ठेवा, करवंटी कितीही टणक असू द्या, हलायचा तो गोटा हलतोच. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही. आतला मेंदू हलायचा थांबवणं त्याच्या हातात नाही.

इथपर्यंत चित्रपट चांगला. माझी तक्रार यापुढची आहे. गुन्हा लपवण्यात आहे, एवढंच हा चित्रपट शेवटपर्यंत धरून बसतो. लीगनं सत्य दडपलं, एका सज्जन माणसानं ते उघड केलं, त्याला छळ सोसावा लागला, आणि शेवटी सत्य बाहेर आलं. ओमालू लीगला कळवळून सांगतो की खरं ते बोला. तिथं संगीत चढतं, आपले डोळे भरतात. पण खरं बोलल्यावर पुढं काय झालं? खेळणाऱ्यांनी खेळ सोडला का? बघणाऱ्यांनी बघणं सोडलं का?

लीगनं दडपलं हे खरंच आहे. १९९४ मध्ये त्यांनी या दुखापतींसाठी समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी बसवले संधिवाताचे डॉक्टर! मेंदूच्या प्रश्नाला सांध्याचा वैद्य. याच समितीच्या डॉक्टरांनी निबंध लिहिला, की मार बसलेला खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी फारसा धोका नाही. ओमालूचा निबंध मागं घ्यावा म्हणून नियतकालिकाला पत्रही लिहिलं. पुढं हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड ठरली, आणि नंतर कोर्टाच्या सांगण्यावरून ती मर्यादाही काढावी लागली. २०१६ च्या मार्चमध्ये लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं अमेरिकी संसदेच्या समितीसमोर या खेळाचा आणि सीटीईचा संबंध मान्य केला. म्हणजे चित्रपट लागल्यावर तीन महिन्यांत सत्य अधिकृत झालं. आणि खेळ? तो तसाच चालू राहिला.

म्हणून मला वाटतं, चित्रपटानं माणसं निवडली तिथंच त्याचा हिशेब थोडा चुकला. यात मरणारे सगळे खेळाडू खेळ सोडून घरी बसलेले आहेत. वेब्स्टर, स्ट्रझेल्झिक, वॉटर्स, डुअरसन. शेवट दिसतो, पण चालू कारकीर्दीत हा मार काय करतो ते दिसत नाही. ते बघायचं असेल तर क्वार्टरबॅककडे बघायला हवं, आणि क्वार्टरबॅकची गोष्ट या चित्रपटात नाही.

वेब्स्टर खेळायचा ती जागा सेंटरची. सेंटर वाकतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो घेणारा क्वार्टरबॅक. वेब्स्टरनं वर्षानुवर्षं ज्याला चेंडू दिला तो टेरी ब्रॅडशॉ. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅक दोन पावलं मागे सरकतो, आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं की कोण मोकळा आहे, कुणाकडे फेकू. पुढं आपली पाच दांडगी माणसं भिंत धरून उभी असतात. भिंतीतल्या माणसाला प्रत्येक डावात छोटे छोटे धक्के बसतात, इतके की मोजदाद नाही. क्वार्टरबॅकला कमी बसतात, पण बसतात तेव्हा ते मोठे. त्याची नजर लांब असते, अंग सैल असतं, आणि बाजूनं येणारा माणूस त्याला दिसलेलाच नसतो. डोकं मागच्या मागे जमिनीवर आपटतं.

त्यात त्याचं काम मेंदूचं. शेकडो डाव पाठ असायला हवेत, समोरच्याची मांडणी बघून ऐनवेळी बदल सांगता यायला हवा. धावणाऱ्याचा गुडघा गेला की सगळ्यांना दिसतं. क्वार्टरबॅकचं जे जातं ते असं दिसत नाही. गवयाचा आवाज बसावा, पण कळू नये की बसलाय, तसं काहीसं.

'लीग ऑफ डिनायल' नावाचा २०१३ सालचा एक माहितीपट आहे. याच विषयावरचा, चित्रपटापेक्षा दोन वर्षांनी जुना. फैनारू-वाडा आणि फैनारू या पत्रकार भावांच्या पुस्तकावरून, 'फ्रंटलाइन'नं केलेला. ईएसपीएन ही खेळांची मोठी वाहिनी आधी यात भागीदार होती, प्रसारणाच्या थोडंच आधी तिनं आपलं नाव काढून घेतलं. त्यात ली स्टाइनबर्ग नावाचा एजंट एक प्रसंग सांगतो. १९९४ चा जानेवारी. डॅलस काउबॉइजचा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन याच्या डोक्याला सामन्यात गुडघा लागला. संघ जिंकला, हा मात्र इस्पितळात. अंधारलेल्या खोलीत स्टाइनबर्ग एकटाच त्याच्याजवळ बसला होता. एकमननं विचारलं, मी इथं का? सांगितलं. मी आज खेळलो का? खेळलास. बरा खेळलो? छान खेळलास. मग आता? आता आपण सुपर बोलला चाललो. त्याचा चेहरा उजळला. पाच मिनिटांनी त्यानं पुन्हा विचारलं, मी इथं का? पुन्हा तेच प्रश्न, तीच उत्तरं, चेहरा पुन्हा तसाच उजळला. थोड्या वेळानं पुन्हा. शेवटी स्टाइनबर्गनं सगळं कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं.

हे सांगताना पडद्यावर एक वयस्क माणूस खुर्चीत बसून बोलतो, बस्स. ना संगीत, ना रडारड. पण तो चेहरा परत परत उजळतो ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. 'कन्कशन'मधला एकही प्रसंग मला इतका आत लागला नाही.

आणि पुढची गोष्ट ऐका. बरोबर एका आठवड्यानं, ३० जानेवारीला, हाच एकमन सुपर बोल खेळला. डॅलस ३०–१३ नं जिंकलं. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही, वाहवाच झाली. पुढं २००० च्या डिसेंबरात आणखी एका मोठ्या धडकेनं त्याची कारकीर्द थांबली. पाठीचं दुखणं होतंच. पुढच्या मार्चमध्ये, मोठी रक्कम द्यायची तारीख यायच्या आत, संघानं त्याला मोकळं केलं. वय ३४. त्या धडका मोजायच्या किती? बातम्यांत आकडा दहा म्हणून येतो. पण जो सामनाच ज्याला आठवत नाही, त्याला आकडा तरी काय आठवणार? एकमन आज त्याच खेळाचं समालोचन करतो, छान बोलतो, आणि आपल्याला त्रास नाही असं सांगतो. ऐकून बरं वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोचा स्टीव्ह यंग वकिलीची पदवी घेतलेला माणूस. २७ सप्टेंबर १९९९ च्या रात्री ॲरिझोनाविरुद्ध धडक बसली आणि तो काही क्षण निपचित पडून राहिला. मग उठला, चालत बाहेर गेला आणि परत खेळायला निघाला. प्रशिक्षकानं सोडलं नाही. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही, आणि पुढच्या जूनमध्ये निवृत्त झाला. थांबवणारं कुणीतरी होतं म्हणून तो थांबला. ज्या मेंदूनं 'आता पुरे' म्हणायचं त्यालाच मार बसलेला असतो, तेव्हा तो कसा म्हणेल? आणि थांबवणारे बहुतेक सगळे संघाच्या पगारावर असतात.

हे सगळं सत्य उघड होण्याआधीचं, असं कुणी म्हणेल. मग उघड झाल्यानंतरचं सांगते.

मायामी डॉल्फिन्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हायलोआ हा हवाईचा, सामोअन घरातला मुलगा. २५ सप्टेंबर २०२२ ला बफेलोविरुद्ध तो पडला, उठला, डोकं झटकलं आणि दोन पावलांत लडखडला. साऱ्या देशानं बघितलं. संघानं सांगितलं, पाठ दुखावली आहे. तो परत खेळला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा डोकं आपटलं, आणि त्याची बोटं हवेत वेडीवाकडी ताठ झाली. ते दृश्य मी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघवलं नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. पहिल्या सामन्यात त्याला तपासणाऱ्या, संघाबाहेरच्या मेंदूतज्ज्ञाला खेळाडूंच्या संघटनेनं काढून टाकलं. नियमात नवा शब्द आला, तोल जाणं. ज्याचा तोल गेलेला दिसेल त्याला त्या दिवशी परत खेळू द्यायचं नाही. लडखडणाऱ्या माणसाला बसवून ठेवा, एवढं कळायला २०२२ साल उजाडावं लागलं! आपल्याकडं अंगणात पोर पडून असं लडखडलं असतं तर आजीनं धरून बसवलं असतं.

यापुढचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ग्रीन बेशी सामना होता. पहिल्या अर्ध्यात टुआचं डोकं जमिनीला लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, तोही बोलला नाही. शेवटच्या भागात त्यानं लागोपाठ तीन चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात फेकले, सामना गेला. त्या रात्रीपर्यंत तो फक्त वाईट खेळलेला क्वार्टरबॅक होता. दुसऱ्या दिवशी कळलं की मेंदूला मार आहे. त्या तीन चुका माराच्या होत्या की त्याच्या, हे आता कोण सांगणार? पण मुका मार बाहेर दिसतो तो असाच. हातात आलेल्या कामात दिसतो, आणि बघणारे म्हणतात, याचं लक्ष नव्हतं.

खेळ सोडावा का, हा विचार त्यानं घरच्यांबरोबर बसून केला, हे त्यानं स्वतः सांगितलं आहे. सोडला नाही. पडायचं कसं ते शिकायला तो जुजुत्सूच्या वर्गाला गेला. २०२३ मध्ये पूर्ण मोसम खेळला, आणि फेकीचे सर्वांत जास्त यार्ड साऱ्या लीगमध्ये त्याचेच, ४,६२४. २०२४ च्या जुलैत संघानं ४ वर्षांचा, २१ कोटी डॉलरच्या वरचा करार केला. सप्टेंबरच्या १२ तारखेला, पुन्हा बफेलोविरुद्धच, तो डोकं पुढं करून धावला आणि पुन्हा तेच. चार सामने तो बाहेर, त्यातले तीन संघ हरला. ऑक्टोबरच्या शेवटी तो परत मैदानात. शिरस्त्राणावर घालायचं मऊ आवरण त्या वर्षीपासून सामन्यात चालू लागलं होतं. तो नको म्हणाला.

आता यात लपवलेलं काय आहे? सगळं टीव्हीवर झालेलं. त्याला माहीत, बायकोला माहीत, संघाला माहीत, बघणाऱ्या कोट्यवधींना माहीत. चित्रपटातल्या ओमालूला इथं उभा केला तर तो कुणाला सांगणार, की खरं ते बोला?

मला कुणी विचारलं, मग टुआनं सोडायला हवं होतं का? मी लांब बसून असं म्हणणं सोपं आहे. विशी-पंचविशीतला मुलगा, लहानपणापासून दुसरं काही केलेलं नाही, साऱ्या घराचा अभिमान त्याच्यावर. आपल्याकडं दुकान बंद करायची वेळ आली तरी पन्नाशीचा माणूस वर्षभर शटर उघडून बसतो. पण जी माणसं त्याला मैदानात पाठवतात त्यांना तरी असा जीव लागलेला नाही. त्यांच्या अंगाला काही लागत नाही, आणि नियम त्यांच्या हातात आहेत. चित्रपटाला यांच्यावर रोख धरता आला असता. त्यानं रोख धरला तो लपवणाऱ्यांवर, आणि लपवणं संपलं की तोही संपतो.

आणखी एक खटकलं ते बायकांच्या बाबतीत. ओमालूची बायको प्रेमा हिला गुगू म्बाथा-रॉ हिच्यासारखी गुणी नटी मिळाली, पण काम काय, तर नवरा खचला की धीर देणं. बाकीच्या बायका दारात उभ्या राहून रडतात. बॉस्टन विद्यापीठात शेकडो मेंदू तपासणाऱ्या डॉक्टर ॲन मकी यांना तर चित्रपटात जागाच नाही. २०१७ मध्ये त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलं, की लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० मध्ये सीटीई सापडला. घरच्यांना शंका असते तेच मेंदू दान करतात, म्हणून हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, हेही त्यांनी सांगितलेलं आहे. तरीही आकडा हलका होत नाही. आणि ही शंका पहिल्यांदा येते कुणाला? तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकावी लागते तिला. माहितीपटात वेब्स्टरच्या घरची माणसं हेच सांगतात, आणि ते कुठल्याही डॉक्टरच्या भाषणाइतकं वजनाचं वाटतं.

केन स्टेबलर हा ओकलंडचा डावखुरा, रंगेल क्वार्टरबॅक. २०१५ च्या जुलैत वयाच्या ६९ व्या वर्षी कर्करोगानं गेला. शेवटी शेवटी त्याला आवाज सोसायचे नाहीत, बोललेलंच तो पुन्हा बोलायचा. मेंदू तपासायला द्या, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात बातमी आली, की त्याला सीटीई होता, आणि तोही बराच पुढं गेलेला. त्याच आठवड्यात या खेळाच्या मानाच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये, त्याची निवड झाली. 'कन्कशन' तेव्हा थिएटरात लागून जेमतेम सहा आठवडे झाले होते.

माझ्या नातवाला नववं वर्ष लागलंय. त्याच्या शाळेतले मित्र चेंडू घेऊन पळायला लागलेत, आणि हाही हट्ट धरून बसलाय. कमरेला पट्ट्या लावून, धडक न मारता खेळायचा एक प्रकार तिथं आहे, तो चालेल असं जावई म्हणतात. लेक फोनवर म्हणाली, "आई, तो चित्रपट बघितलास ना? मग काय करू सांग." तिला मी म्हटलं, तो चित्रपट बघून तुला लीगचा राग येईल, पण पोराचं काय करायचं ते त्यात नाही. त्यासाठी तो माहितीपट दोघांनी मिळून बघा, जावयांना उठू देऊ नकोस.

तुम्हीही दोन्ही बघणार असाल तर माहितीपट आधी बघा. दोन तासांचा आहे. इंग्रजी भराभर आहे, पण खाली अक्षरं लावून घेतली की आपल्याला जमतं. खेळाचे नियम नाही कळले तरी अडत नाही. फक्त तो स्टाइनबर्ग इस्पितळातल्या खोलीचं सांगायला लागला, की तेवढ्या वेळात गॅसवर काही ठेवू नका.